चरबीची गाठ आणि हायडेलबर्गचा सर्जन

शाहूवाडी तालुक्यातील कोणत्याही गावात गेलात तरी खांद्यावर, पाठीवर किंवा कमरेजवळ चरबीची गाठ घेऊन वर्षानुवर्षे हिंडणारा एखादा माणूस भेटतोच. बोटाने दाबली की ती कातडीखाली सरकते. दुखत नाही, सावकाश वाढते. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते आणि त्रास नसेल तर काढण्याची घाईही नसते. काढलीच तर तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाते आणि तिथेच तिचे काम संपते. जर्मनीतील हायडेलबर्ग शहरात १८९०च्या दशकात एका सर्जनने मात्र एका बाईच्या अंगावरची अशी गाठ काढली आणि टाकून न देता तिच्याच छातीत बसवली. आज स्तनवर्धन या नावाने जगभर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक पुस्तकांत याच ऑपरेशनपासून सुरू होतो. त्या सर्जनचे नाव विन्सेंझ चेर्नी.

या शस्त्रक्रियेचे नाव काढले की सिनेमातील नट्या, जाहिराती आणि श्रीमंतांचे चोचले एवढेच डोळ्यांपुढे येते. तिची सुरुवात मात्र एका आजारी बाईच्या काढून टाकलेल्या स्तनापासून झाली, आणि ती करणाऱ्या माणसाचे सगळे आयुष्य गाठींशी झगडण्यात गेले.

चेर्नी यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८४२चा, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील बोहेमिया प्रांतातल्या ट्राउटेनाऊ या गावचा. आज ते गाव झेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांचे औषधाचे दुकान होते. तेव्हाचे औषधवाले गोळ्यांची पाकिटे विकत नसत. खलबत्त्यात कुटून, तोलून, गाळून औषध स्वतः तयार करत. अशा घरातला मुलगा वैद्यकीकडे वळला यात नवल नाही. शिक्षण प्राग येथे सुरू झाले आणि पुढे व्हिएन्नात पूर्ण झाले. १८६६ साली ते डॉक्टर झाले. त्या काळी व्हिएन्ना म्हणजे वैद्यकाची पंढरी होती.

तरुण चेर्नी लगेच सर्जरीत शिरले नाहीत. डोळ्यांचे आजार, त्वचेचे आजार, पोटाचे आजार अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी उमेदवारी केली. १८६७ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता, सूर्याच्या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यावर होणारी इजा. भिंगाने एकवटलेला उजेड प्राण्यांच्या डोळ्यांत सोडून त्यांनी पडद्यावरचे चट्टे तपासले होते. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नका असे आपण आज मुलांना बजावतो, त्यामागचे शास्त्र रचणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. किरणांनी शरीराला होणारी इजा हा विषय पुढे त्यांच्या वाट्याला फार वेगळ्या रीतीने येणार होता.

पुढची दिशा ठरली ती थिओडोर बिलरोथ यांच्यामुळे. पोटाच्या आतल्या शस्त्रक्रियांचा पाया घालणारा हा सर्जन व्हिएन्नात होता आणि चेर्नी त्यांचे सहायक झाले. बिलरोथ यांचा नियम कडक होता. माणसावर नवे काही करायचे तर आधी प्राण्यावर करून पाहायचे, निकाल चांगला असो वा वाईट, तो लिहून छापायचा, आणि किती रुग्ण दगावले हेही लपवायचे नाही. चेर्नी यांनी १८७०च्या सुमारास कुत्र्यांवर अन्ननलिकेचा तुकडा आणि स्वरयंत्र काढण्याचे प्रयोग केले. त्याच आधारावर बिलरोथ यांनी १८७३च्या अखेरच्या दिवशी कर्करोग झालेल्या एका माणसाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णावर आज कोल्हापुरात किंवा मुंबईत हे ऑपरेशन होते, त्याची वाट अशी कुत्र्यांच्या गोठ्यातून गेलेली आहे. याच काळात, १८७० साली, फ्रान्स आणि जर्मनीचे युद्ध पेटले आणि चेर्नी बिलरोथ यांच्याबरोबर जखमी सैनिकांच्या इस्पितळात कामाला गेले.

१८७१ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते फ्रायबुर्ग येथे सर्जरीचे प्राध्यापक झाले. तिथे आडोल्फ कुसमाउल यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासऱ्यांचे नाव प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला ठाऊक असते. मधुमेह बळावून रक्तात आम्ल साचले की रुग्ण खोल आणि जोरात श्वास घेऊ लागतो, त्या श्वासाला कुसमाउल यांचेच नाव आहे. तलवार गिळणाऱ्या डोंबाऱ्यासारख्या एका खेळकऱ्याला बोलावून त्याच्या घशातून सरळ नळी घालत जिवंत माणसाचे जठर आतून पाहणारे तेच. अशा सासऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर काय गप्पा रंगत असतील, याचा अंदाज करायला हरकत नाही.

१८७७ मध्ये चेर्नी हायडेलबर्गला आले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच राहिले. आल्या वर्षीच त्यांनी मानेतील अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला आणि रुग्ण वाचला. पुढच्या वर्षी, १८७८च्या ऑगस्टमध्ये, कर्करोग झालेले गर्भाशय पोट न फाडता योनिमार्गाने काढून दाखवले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका जर्मन सर्जनने पोट उघडून हेच ऑपरेशन केले होते, पण त्या मार्गाने फार बायका दगावत. प्रतिजैविके नव्हती, रक्त चढवण्याची सुरक्षित सोय नव्हती, भूल देण्याचे तंत्रही बाल्यावस्थेत होते. पोट उघडण्याचे टाळले की जंतुसंसर्ग कमी होई. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या आपल्याकडच्या कित्येक बायकांची पिशवी आजही खालच्या वाटेने काढली जाते. हा मार्ग रुजवणाऱ्यांत चेर्नी यांचे नाव वरचे आहे. आतड्याला दोन थरांत टाके घालण्याची एक पद्धतही त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि हर्नियाच्या ऑपरेशनातही त्यांनी भर घातली. या सगळ्याचा तपशील देत बसलो तर पान पुरणार नाही.

बिलरोथ १८९४ साली वारले. व्हिएन्नातील त्यांची खुर्ची चेर्नी यांना देऊ करण्यात आली. गुरूची गादी आणि साम्राज्याची राजधानी असा तो मान होता. चेर्नी यांनी तो नाकारला आणि ते छोट्या हायडेलबर्गमध्येच राहिले. दुसऱ्या वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी त्या गायिकेची हकिकत प्रसिद्ध केली.

ती एक्केचाळीस वर्षांची होती, रंगमंचावर गात असे. डाव्या स्तनात गाठ होती आणि आजूबाजूच्या ग्रंथीला जुनाट सूज होती. गाठ कर्करोगाची नव्हती. आज आपण जिला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतो त्या जातीची होती. तरीही दुखणे हटत नव्हते आणि ग्रंथी काढणे भाग होते. ग्रंथी काढली तर एक बाजू सपाट होणार, आणि ज्या बाईची भाकरी लोकांसमोर उभे राहण्यावर आहे तिला ते परवडणारे नव्हते. तपासताना चेर्नी यांना तिच्या कमरेच्या बाजूला मुठीपेक्षा मोठी चरबीची गाठ दिसली. त्यांनी स्तनातील आजारी ग्रंथी काढली, वरची कातडी राखली आणि रिकाम्या झालेल्या जागेत ती चरबीची गाठ अखंड ठेवून टाके घातले. दोन्ही बाजू पुन्हा सारख्या दिसू लागल्या.

त्या एका ऑपरेशनला आज दोन शाखा आपला उगम मानतात. आजाराने गेलेला स्तन पुन्हा घडवणे ही एक, आणि निरोगी स्तनाचा आकार वाढवणे ही दुसरी. चेर्नी यांच्या मनात पहिलीच होती. पण शरीराच्या बाहेरची कोणतीही वस्तू न वापरता स्तनाला भर देता येते, हे त्यांनी प्रथम दाखवले, म्हणून दुसऱ्या शाखेनेही त्यांना आपले मूळपुरुष ठरवले.

अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड या सर्जनने एक वर्ष आधी, १८९४ साली, स्तनाच्या कर्करोगासाठी आपली मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एकत्र काढायचे. त्या पद्धतीने बऱ्याच बायकांच्या छातीत त्याच जागी रोग पुन्हा उगवणे थांबले, पण छाती बरगड्यांपर्यंत खोलगट होई आणि हात सुजे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हीच पद्धत चालली. स्तन पुन्हा घडवण्याचा विचार त्या काळात मागे पडला. जीव वाचला, आणखी काय हवे, असा सूर होता. हा सूर आपल्याकडे अजून गेलेला नाही. ऑपरेशननंतर पोलक्यात कापडाची घडी किंवा कापूस खोचून शेतावर जाणारी बाई त्याबद्दल घरात कोणाशी बोलत नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही. लग्नसमारंभ टाळणारी, डोंगरातल्या वाडीवरून यात्रेला खाली न येणारी बाई कशामुळे आत बसली आहे, हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

जागेवरून उचललेला शरीराचा भाग दुसरीकडे लावण्याची कल्पना जर्मन सर्जनांना नवी नव्हती, आणि तिचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत चित्रासह १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तसे नाक केले, आणि तिथून ही विद्या जर्मनीत गेली. चेर्नी शिकले त्या जर्मन शस्त्रक्रियेत या परंपरेचा अंश होताच.

चरबीची अखंड गाठ बसवण्याची युक्ती मात्र फार पसरली नाही. एक तर योग्य जागी योग्य आकाराची गाठ असणारी रुग्ण मिळणे हा योगायोग. दुसरे कारण शरीरशास्त्राचे आहे. भाताची रोपलावण करताना रोपांची अख्खी जुडी एकाच खड्ड्यात कोंबली तर कडेची रोपे धरतात आणि मधली कुजतात. चरबीचेही तसेच. मोठा तुकडा नव्या जागी ठेवला की त्याला पहिले काही दिवस रक्तपुरवठा नसतो. कडेच्या पेशी शेजारून पोषण घेतात, मधल्या मरतात, आक्रसतात, कधी त्यांचे तेल होऊन गळू बनते. हे कळल्यावर सर्जन दुसरे पदार्थ शोधू लागले, आणि इथून पुढचा इतिहास बराचसा खेदाचा आहे.

व्हिएन्नातील रॉबर्ट गेरसुनी हेही बिलरोथ यांचेच शिष्य. त्यांनी १८९९ साली व्हॅसलिनसारखा पॅराफिन सुईने टोचून शरीराची पोकळी भरण्याचा उपाय काढला. सोपा, स्वस्त, कापाकापी नाही. पाहता पाहता तो स्तन मोठे करण्यासाठी वापरला जाऊ लागला. काही वर्षांतच त्या जागी दगडासारख्या गाठी, न भरणाऱ्या जखमा आणि चट्टे दिसू लागले. पॅराफिन रक्तात शिरून काहींचा जीवही गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन टोचण्याची लाट आली आणि तिचीही तीच गत झाली. त्यानंतर प्लास्टिकचे स्पंज आले. तेही आक्रसून कडक झाले. प्रत्येक वेळी सुरुवातीचे निकाल उत्तम होते. दहा वर्षांनी काय होते ते कळेपर्यंत हजारो बायकांना टोचून झालेले असे.

अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६२ साली थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचेच जेल भरून पहिले आधुनिक इम्प्लांट बसवले. आज स्तनवर्धन म्हणजे प्रामुख्याने हेच. काखेत, स्तनाखालच्या घडीत किंवा स्तनाग्राच्या कडेला छोटा छेद घेऊन पिशवी ग्रंथीच्या मागे किंवा छातीच्या स्नायूच्या मागे सरकवतात. पिशवीत जेल असते किंवा मिठाचे पाणी. ऑपरेशन एक-दोन तासांचे. बहुतेकींना पुढे मुलाला अंगावर पाजता येते, मात्र छेद कुठे घेतला यावर ते अवलंबून असते.

त्यामागचे हिशेबही समजून घ्यायला हवेत. शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःचे आवरण विणते. काहींमध्ये ते आवरण आवळत जाते आणि स्तन कडक, वेडावाकडा, दुखरा होतो. पिशवी फुटू शकते. मिठाच्या पाण्याची फुटली तर स्तन बसतो आणि लगेच कळते. जेलची फुटली तर कित्येकदा वरून काहीच कळत नाही. म्हणून सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या बाईने पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून घ्यावी, असा अमेरिकी औषध प्रशासनाचा सल्ला आहे. केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या पाच बायकांपैकी सुमारे एकीचे ते आठ-दहा वर्षांत काढावे लागते, हाही त्याच प्रशासनाचा आकडा. एकदा बसवले की जन्मभराचे काम झाले, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. मॅमोग्राफी करताना इम्प्लांट असल्याचे आधी सांगावे लागते, कारण त्याच्या आड गाठ लपू शकते आणि फोटो वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात.

सिलिकॉनवरील शंका इतक्या वाढल्या, की अमेरिकेने १९९२ साली जेलच्या पिशव्यांवर निर्बंध घातले. संशोधनाअंती, नेहमीचा स्तनकर्करोग किंवा सांधेदुखीचे आजार त्यांच्यामुळे वाढतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि २००६ साली परवानगी परत मिळाली. पण २०१० मध्ये फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत असल्याचे उघड झाले. तिच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात लसिकापेशींचा एक विरळ कर्करोग होऊ शकतो, हेही नंतर स्पष्ट झाले आणि २०१९ साली अशी काही इम्प्लांट बाजारातून काढून घेण्यात आली. इम्प्लांट बसवून कित्येक वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर ते अंगावर काढू नये, एवढे तरी त्यातून लक्षात ठेवावे.

ज्यांना हे ऑपरेशन करायचेच आहे त्यांनी सर्जनची पदवी पाहावी. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा त्याच तोडीची पदवी हवी. ब्युटी पार्लरच्या पाटीवर ती नसते. मुलीची वाढ पुरती झालेली असावी. अमेरिकेत मिठाच्या पाण्याच्या पिशवीसाठी अठरा आणि जेलसाठी बावीस वर्षे ही किमान मर्यादा आहे. बाजारात मिळणारी तेले, मलमे आणि गोळ्या यांनी स्तन वाढत नाहीत, पैसे तेवढे कमी होतात.

आजाराने स्तन गमावलेल्या बाईपुढे आज आणखी वाटा आहेत. पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह पुढे वळवून छातीवर आणतात; इटलीतील इजिनिओ टान्सिनी यांनी तो मार्ग १९०६ साली दाखवला होता. पोटाच्या खालच्या भागातील कातडी आणि चरबी छातीवर लावण्याची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. आणि गेल्या काही दशकांत स्वतःचीच चरबी पोटावरून, मांडीवरून नळीने शोषून घेऊन बारीक थेंबाथेंबाने स्तनात पेरण्याची पद्धत आली आहे. रोपे एकेक करून, अंतर राखून लावावीत तशी. त्यातलीही काही चरबी विरघळते, दोन-तीनदा बसावे लागते. पण कल्पना चेर्नी यांचीच, सव्वाशे वर्षांनी सुधारून आलेली.

चेर्नी स्वतः तोवर त्या विषयापासून दूर गेले होते. ते १८९५ साल आणखी एका कारणाने लक्षात राहिले. त्या नोव्हेंबरात जर्मनीतच वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. काही वर्षांत रेडियमही हाती आले. कातडीवरच्या गाठी या किरणांनी वितळतात हे पाहून सर्जन चकित झाले.

चेर्नी यांना एक गोष्ट सलत होती. इतकी वर्षे कर्करोगाच्या गाठी काढूनही त्यांच्या दारात येणाऱ्या कित्येकांना ऑपरेशनचा उपयोग नव्हता. रोग फार पुढे गेलेला असे. असे रुग्ण कोणतेही इस्पितळ ठेवून घेत नसे. खाट अडते, मृत्यूचा आकडा वाढतो, आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून काही शिकता येत नाही, अशी कारणे असत. शाहूवाडीच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. मोठ्या शहरातून आता घरी न्या असे सांगून परत पाठवलेला रुग्ण दुखण्याने तळमळत पडवीत झोपलेला बऱ्याच जणांनी पाहिला आहे.

१९०६ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, चेर्नी यांनी विद्यापीठातील सर्जरीची खुर्ची सोडली. देणग्या गोळा करून त्यांनी हायडेलबर्गमध्ये कर्करोगाच्या प्रायोगिक संशोधनाची संस्था उघडली. एका बाजूला प्रयोगशाळा आणि तिला जोडूनच रुग्णांचा विभाग, त्याचे नाव सामरिटन गृह. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्यांना तिथे प्रवेश होता. संशोधन करणारा आणि रुग्णाची जखम धुणारा यांनी एका छपराखाली काम करावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली उघडले, त्याच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

तिथे चेर्नी यांनी हाती लागेल ते करून पाहिले. विजेच्या ठिणग्यांनी गाठी जाळल्या, जंतूंच्या विषापासून बनवलेल्या लसी टोचल्या, क्ष-किरण दिले, रेडियम वापरले. बरेचसे फसले. काही रुग्णांचे दुखणे मात्र कमी झाले, घाण सुटलेल्या जखमा सुकल्या, माणसे काही महिने तरी बसून जेवू शकली. बिलरोथ यांच्या शिस्तीप्रमाणे चांगले-वाईट दोन्ही निकाल लिहिले गेले.

किरणांपासून स्वतःला वाचवण्याचे भान त्या पिढीला पुरेसे नव्हते. यंत्र नीट चालते का ते पाहायला डॉक्टर स्वतःचा हात किरणांपुढे धरत. रेडियमच्या नळ्या बोटांनी उचलत. कातडी भाजते एवढे कळले होते, पण हाडांच्या मगजात, जिथे रक्त बनते तिथे, हे किरण काय करतात ते उमगायला आणखी वर्षे लागली. आज मलकापूरसारख्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयातही क्ष-किरण तंत्रज्ञ छातीवर छोटा बिल्ला लावतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले हे त्यावरून ठराविक मुदतीने तपासले जाते. फोटो काढताना नातेवाइकांनी बाहेर थांबावे म्हणून तो ओरडतो तेव्हा त्याचा राग मानू नये.

पहिले महायुद्ध चालू असताना चेर्नी यांना रक्ताचा कर्करोग झाला. किरणांशी वर्षानुवर्षे आलेल्या संबंधामुळे तो झाला असावा, असे मानले जाते. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी हायडेलबर्ग येथे ते वारले, वय त्र्याहत्तर. शहरातील कर्करोग संशोधनाची ती परंपरा पुढे चालू राहिली आणि १९६४ साली तिथेच जर्मनीचे राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले.